दादाच्या चौकोनाखालचा गोल

१० जानेवारी

तीर्थस्वरूप ताईस,
पायांवर डोकं ठेवून धाकट्याचा नमस्कार. वि. वि.

गेल्या वेळी फोनवर मी जे ओरडलो ते खालच्या दुकानदारापर्यंत गेलं, फक्त तुझ्यापर्यंत पोचलं नाही. गिरणीतल्या मागांनी तुझे कान खाल्ले ते खाल्लेच. म्हणून लिहून कळवतो. बसून वाच, आणि शेवटपर्यंत वाच.

मागच्या मंगळवारी सकाळी मी एका वकिलाच्या जाड रजिस्टरांना शिवण घालत बसलो होतो. हातातली सुई पडली. उचलली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा बोटांनी ऐकलंच नाही. मला वाटलं, थंडी. थोड्या वेळाने वकिलाचा कारकून आला, त्याने काहीतरी विचारलं, मी उत्तर दिलं आणि तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. शब्द म्हणून काही येतच नव्हतं म्हणे. त्यानेच मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टर परत परत विचारत होते की बोलणं नक्की कधी बिघडलं. ताई, मला सांगताच येईना. आदल्या दिवशी दुपारपासून मी कोणाशी बोललोच नव्हतो.

घाबरू नकोस. संध्याकाळपर्यंत हात आणि जीभ दोन्ही जागेवर आली, हे अक्षर माझंच आहे. मेंदूकडे जाणारं रक्त थोडा वेळ अडलं होतं. पुढच्या वेळी अडलं तर सुटेलच असं नाही, हे त्यांनी तोंडावर सांगितलं.

आता खरी गोष्ट. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझे हात बघितले आणि बोटांच्या सांध्यांवरच्या गाठी दाबून विचारलं की हे काय. मी ऐटीत सांगितलं, बाइंडरच्या गाठी, दोरा ओढून ओढून येतात, बाबांना होत्या, दादालाही होत्या. त्यांनी पाय पुढे करायला सांगितला, टाचेमागची जाड शीर चिमटीत धरली आणि विचारलं की टाचेनेपण दोरा ओढता का. मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

ताई, त्या गाठी कष्टाच्या नाहीत. ती साचलेली चरबी आहे. रक्त तपासलं, त्यात वाईट कोलेस्टेरॉल दोनशे अठ्ठ्याण्णव निघालं. शंभराच्या आत हवं. हे जन्मापासूनच असतं, आईबापांपैकी एकाकडून येतं, आणि प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. खाण्यापिण्याने थोडं वरखाली होतं, पण मूळ दोष जेवणाचा नाही, हे मी त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलं. का, ते तुला कळेल. बाबा सेहेचाळिसाव्या वर्षी गेले, दादा बेचाळिसाव्या. आपण म्हणत राहिलो की कामाने खाल्लं.

बाईंनी कागदावर आपलं घर काढलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. बाबांच्या आणि दादाच्या चौकोनावर फुली. तुझ्या गोलात प्रश्नचिन्ह. मग दादाच्या चौकोनाखाली एक गोल काढला आणि त्यातही प्रश्नचिन्ह घातलं. तिला कळवलंय का म्हणाल्या. मी म्हटलं, आमचं बोलणं नाही. त्या म्हणाल्या, मग पत्र लिहा, पण याच महिन्यात, कारण वेळेवर कळलं तर गोळ्यांनी आवरता येतं.

तुला मूल नाही, माझं लग्नच झालं नाही. आपल्यानंतर घरात आहे ती एवढी दादाची चिमणी. आता तीस वर्षांची असेल. तू आधी रक्त तपासून घे, आणि तिचं काय करायचं ते लिही.

लोभ राहू दे, रागावणं जरा कमी कर.
तुझा,
बारक्या


१९ जानेवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्याबरोबर एक कानाखाली. वि. वि.

मरणाच्या दारातून आलास आणि मला सहा दिवसांनी पोस्टाने कळवतोस? शेजाऱ्याला फोन कर, निरोप पाठव, काही कर. तुझं पत्र वाचून दोन दिवस घास उतरला नाही. गोळ्या वेळेवर घे. त्या कारकुनाला सांग, रोज दुकानात डोकावून जा म्हणावं. माझ्या वतीने त्याला चहा पाज. माणूस भला दिसतो.

डॉक्टरीणबाईंचं म्हणशील, तर त्या शिकलेल्या, आपण अडाणी. पण बाबा दिवसभर कागदाची रिमं उचलायचे, छातीवर ओझं घेऊन जिने चढायचे, ते कोणी मोजायचं? आणि दादाचं मला कोणी शिकवू नये. मी काय डोळे मिटून होते? कढईत वहिनी तेल ओतायची ते मी या डोळ्यांनी बघितलंय, आणि हा बोटं चाटत जेवायचा. आता इतक्या वर्षांनी एक बाई कागदावर चौकोन काढते आणि म्हणते जेवणाचा दोष नाही. असेल बाबा. नसेलही.

मी सुई टोचून घेणार नाही. अठ्ठावन्न वर्षं धडधाकट आहे, दोन जिने चढते, कान सोडले तर सगळं शाबूत आहे. चिमणीला तूच लिही. मी लिहिलं तर तिची आई पाकीट न फोडता चुलीत घालेल. तिची काही चूक नाही म्हणा त्यात.

इकडे नवीन काही नाही. मजल्यावरची बिऱ्हाडं बदलली, मी समोरच्या दाराला नमस्कार करते, दार मला करत नाही. रात्री दोन कपडे अंगावर घालून झोप.

माया आहे तशीच आहे, मागायची गरज नाही.
तुझी,
ताई


२ फेब्रुवारी

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझी कानाखाली पोचली. मी ठीक आहे. रोज सकाळी उठल्यावर जीभ तपासतो. कपाटावरच्या रजिस्टरांची नावं मोठ्याने वाचतो, भिंतीला ऐकवतो. नीट ऐकू आलं की चहा ठेवतो. कारकून येतो, पण त्याला सुट्टीच्या दिवशी कसं सांगणार? रविवारी मी भिंतीवरच भागवतो.

ताई, आता मला बोलू दे. मी तुझ्यापुढे कधी बोललो नाही, म्हणून हे लिहितो. दादाला अजून उचललं नव्हतं. घर माणसांनी भरलं होतं. वहिनी भिंतीला टेकून बसली होती, तिला रडायलाही येत नव्हतं. आणि तू सगळ्यांसमोर तिला म्हणालीस की तूच खाऊ घालून घालून त्याला मारलंस. मी काय केलं? पुठ्ठ्यासारखा उभा राहिलो. तू दुःखाने बोललीस, असं म्हणता येईल. मी गप्प बसलो, त्याला काय म्हणायचं? महिन्याभरात ती अकरा वर्षांच्या पोरीचा हात धरून गेली आणि आपण दोघांनीही तिला अडवलं नाही.

एक चोरी कबूल करतो. दर वर्षी मी चिमणीला एक वही बांधून पाठवतो. कापडी पाठीची, चांगल्या कागदाची. एकोणीस वह्या झाल्या. उत्तर एकदाही नाही, पण एकही परत आली नाही. म्हणजे पत्ता चालू आहे. तो या पत्राच्या मागे लिहिला आहे.

मी लिहू शकतो. पण माझ्या पत्राने फक्त डॉक्टरांचा निरोप जाईल. ज्या तोंडातून ते गेलं त्याच तोंडाने परत यायला हवं. आणि हट्टापायी वेळ घालवू नकोस, ती पोरगी आज कुठेतरी जिने चढत असेल आणि तिला काही माहीत नसेल.

राहता राहिल्या तुझ्या टाचा. लहानपणापासून तुला प्रत्येक चप्पल मागे लागते. किती चांभारांचा उद्धार केलास, आठव. चांभारांची काही चूक नव्हती गं.

रागावलीस तरी पत्र पाठव.
तुझा,
बारक्या


१७ फेब्रुवारी

चि. बारक्यास आशीर्वाद.

दोनशे एकाहत्तर.

डॉक्टरांनी माझ्यासाठी सगळं कागदावर लिहून दिलं, ऐकू येत नाही म्हणून. हृदयाचा आलेखही काढला. अजून फार बिघडलेलं नाही, बायकांना हे जरा उशिरा गाठतं म्हणे. गोळी सुरू केली.

मी सुईला भीत नव्हते रे. रक्तात निघालं तर मग मी त्या दिवशी काय बोलून बसले, याला भीत होते. इतकी वर्षं मला दादा आठवला की त्याच्याबरोबर राग आठवायचा, आणि राग असला की माणूस फार एकटं नसतं. आता नुसता दादा आठवतो. काल दिवसभर दार उघडलं नाही.

माझ्या जिभेला हाड नव्हतं, आणि तू मोठा होऊनही मला कधी गप्प केलं नाहीस. दोघेही सारखेच. उद्या लिहिते.

ताई


१८ फेब्रुवारी

वहिनी,
नमस्कार. पाकीट फोडलंस, एवढ्यावरच मी अर्धी उपकृत आहे.

आधी चिमणीचं. मला जे सांगायचंय ते नंतर वाच, नको वाटलं तर वाचू नकोस, पण एवढं आज कर. आमच्या घरात रक्तातच एक दोष आहे. कोलेस्टेरॉल जन्मापासून फार जास्त. बाबांना असणार, दादाला असणार, बारक्याला आहे, मला आहे. बारक्याला दीड महिन्यापूर्वी झटका येऊन गेला, थोडक्यात वाचला. चिमणीला असण्याची शक्यता निम्मी आहे. साधी रक्ताची तपासणी असते. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे, ती दाखव. असलं तर गोळ्या आहेत. दादाच्या वेळी आपल्याला कोणालाच काही माहीत नव्हतं.

आता माझं. दादा तुझ्या हातच्या जेवणाने गेला नाही. तो आमच्या रक्ताने गेला. तू त्याला दुसरं काही खाऊ घातलं असतंस तरी तो त्याच वयात गेला असता, असं मी डॉक्टरांना विचारून लिहिते आहे. मी जे बोलले ते खोटं होतं. खोटं आहे हे तेव्हा माहीत नव्हतं, पण दुष्टपणाचं आहे हे माहीत होतं. तुझं तोंड कसं झालं होतं ते मला अजून दिसतं. चुकले मी. इतकं सरळ वाक्य लिहायला मला एकोणीस वर्षं लागली, आणि तेही रक्त काढल्यावर.

उत्तराची अपेक्षा ठेवायला मला तोंड नाही. चिमणीचा आकडा तेवढा कळव. एका ओळीत कळव.

तुझी नणंद म्हणवून घेत नाही,
पण आहे तीच


११ मार्च

वन्संना,
स. न. वि. वि.

पत्र मिळालं. पाकिटावरचं अक्षर मी ओळखलं आणि दोन दिवस ते मिठाच्या बरणीखाली ठेवलं. तुम्ही चुलीत जाईल म्हणून धास्तावल्या असाल, तर तो विचार मनात येऊन गेला, खोटं कशाला बोलू? भावजींना झटका आल्याचं वाचून वाईट वाटलं. त्यांच्या वह्या दर वर्षी मिळतात. चिमणी त्या भरते. तिने उत्तर का लिहिलं नाही ते तिलाच विचारा.

पाकीट फोडलं त्याच दिवशी चिठ्ठी घेऊन मी तिला दवाखान्यात नेलं. दोनशे चौऱ्याऐंशी. हृदय अजून चांगलं आहे. गोळी सुरू झाली, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. ते श्रेय तुमचं आहे, आणि तुमचं काही देणं लागावं हे मला मुळीच आवडलेलं नाही.

तुम्ही माफी मागितलीत. माझ्याजवळ ती तयार नाही. भरल्या घरात बोललात आणि बंद पाकिटात परत घेताय. त्या घरातली बहुतेक माणसं आता हयात नाहीत, त्यांना कोण सांगणार? पण एक आहे. त्या दिवशी चिमणी दाराआड उभी होती. तुम्ही बघितलं नाही. मी बघितलं.

तुम्हाला सांगते, वन्सं, कारण आता सांगायला दुसरं कोणी नाही. मी इथे एका कारखान्याच्या खाणावळीत स्वयंपाक करते. दोनशे माणसं रोज माझ्या हातचं जेवतात. घरची एक मुलगी जेवत नव्हती. अकरा वर्षांची असल्यापासून. भांडली नाही, बोलली नाही, नुसतं ताट हळूच सरकवायची आणि मग स्वतःसाठी काहीतरी उकडून घ्यायची. मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली, आणि पहिल्या पगारात वेगळी खोली घेतली. दर रविवारी येते, पाणी पिते, माझी औषधं विचारते आणि जेवायच्या आधी निघते. का, ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं. खरं सांगायचं तर मलाही कधीकधी वाटायचं की तुमचं खरं असेल.

आकडा हातात आला तेव्हा ती दवाखान्याच्या बाकावर बसून राहिली. म्हणाली की मी तर इतकी वर्षं उकडलेलंच खाल्लं. मग मी तुमचं पत्र तिच्या हातात दिलं. तिने वाचलं. परत पहिल्यापासून वाचलं. घडी घालून माझ्याकडे दिलं आणि आम्ही बसने घरी आलो.

घरी आल्यावर मी तिला जेवतेस का म्हणून विचारलं नाही. ती सवय कधीच मोडली. मी माझ्यापुरतं वाढून घेणार, एवढ्यात ती आत आली, ताट घेतलं, कढईतली भाजी वाढून घेतली आणि माझ्यासमोर बसून जेवली. पुन्हा घेतली. मी तिच्याकडे बघत नव्हते, बघितलं असतं तर उठली असती असं वाटलं. शेवटी म्हणाली, आई, मीठ कमी पडलंय. एकोणीस वर्षांत घरच्या माणसाने माझ्या स्वयंपाकाला पहिल्यांदा नाव ठेवलं.

गोळी रोज घ्या. लोभाचं पुढे बघू.

तुमची,
वहिनी