ह्यांचं पथ्य आणि तुमचा प्रश्न

बाई, तुम्ही मासे खात नव्हतात, तरी हे तुम्हालाच सांगायचंय. का खात नाही विचारलं की 'मला आवडत नाही' एवढंच म्हणायचात. त्याला शास्त्राचा टेकू कधी दिला नाहीत. अजून आठवतं, आमच्या सातवीच्या वर्गात एक मुलगा उठतो, "बाई, माजी आजी सोमवारी मासे खाय नाय, म्हणान ती इतकी टणक आसा." वर्ग हसतो, तुम्ही हसत नाही. "सोमवारी ती आणखी काय करते?" "तारकर्लीसून चलत मालवणाक देवळात जाता." "मग ताकद कशानं आली, हे कसं ठरवलंस?" तो डोकं खाजवत खाली बसतो.

ह्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं आणि पुण्याच्या लेकीनं फर्मान काढलं. मासे, अंडी, दूध सगळं बंद, फक्त झाडापासून येईल तेच खायचं. शास्त्र तसं सांगतं म्हणे. त्याच सुमारास ह्यांनी विडी सोडली, रोज चालायला लागले, रिपोर्ट सुधारले. श्रेय मात्र सगळं दुधीभोपळ्याला! पण माणूस वाळत चालला. पायाला मुंग्या, आणि ताटावरून "माका नको गो" म्हणून उठायचे. मी घाबरले होते. मासे द्यावेत आणि काही झालं तर लेक मला धरणार, न द्यावेत तर डोळ्यांदेखत माणूस जायचा.

शेवटी तुमचा प्रश्न घेऊन एकटीच डॉक्टरांकडे गेले. सुधारणा मासे सोडून झाली, की विडी सोडून? ते म्हणाले, "नक्की सांगता येणार नाही. मोठ्या अभ्यासांतही हीच अडचण येते. भाज्या जास्त खाणारे लोक बाकीचीही काळजी घेतात. भाज्या चांगल्याच, त्या सोडू नका. पण मासे बंद करा असं मी म्हटलंच नव्हतं, तळू नका म्हटलं होतं." मी नेलेल्या रक्ताच्या रिपोर्टावरून कळलं, मुंग्या बी-बारा कमी झाल्यामुळे होत्या; त्याच्या गोळ्या दिल्या. बाई, छातीवरचा धोंडा उतरला.

दुपारी बांगड्याचं तिखलं वाढलं, न तळता दाट रश्शात शिजवलेलं. हे पहिल्या घासालाच म्हणाले, "मीठ कमी पडला." इतक्या महिन्यांनी ह्यांनी जेवणाला नाव ठेवलं, मला रडूच आलं.

तुम्ही आता या जगात नाही, हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, म्हणून सांगून टाकते. डॉक्टरांना विचारत होते तेव्हा बांगडे माझ्या खुर्चीखालच्या पिशवीत होते. जातानाच घेतले होते. डॉक्टर नको म्हणाले असते तर? बाई, तरीही शिजवलेच असते.