आप्पांची मोटार

१ जून
ग्रामसभेने मला गावच्या आपत्ती समितीचा अध्यक्ष केलं. दुसरं कोणी तयारच नव्हतं, म्हणजे माझ्याएवढं लायक कोणी नव्हतं. भीमेला पूर येणार असला की खालच्या वस्तीला वेळेत कळवायचं, एवढंच काम. उद्यापासून पहाटे पाचला नदीवर फेरी. ही म्हणाली, तुमचं पाच म्हंजी किती वाजता? पाचचा गजर लावला.

२ जून, सव्वाआठ
उठलो.

९ जून
शिरूरला ट्रेनिंग. जाकीट, शिट्टी आणि मिसळ मिळाली. साहेब म्हणाले, वेळेत सूचना मिळणं हा नागरिकांचा हक्क आहे. टाळ्या मीच सुरू केल्या. हे वाक्य बोर्डावर रंगवून नदीकाठी लावणार. खाली माझं नाव.

१४ जून
आजवरची पद्धत अशी: धरणातून पाणी सोडल्याचं ज्याला आधी कळेल त्याने देवळाच्या भोंग्यावरून ओरडायचं. कोणीही उठावं आणि ओरडावं. याला गुड गव्हर्नन्स म्हणत नाहीत. भोंगा बंद केला. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. त्यावर फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतो. अ‍ॅडमिन मी. अफवा बंद.

२३ जून
खालच्या वस्तीतली सिंधूबाई आली होती. नवरा सुदर्शन कुरकुंभला कंपनीत, शिफ्टला फोन बाहेर ठेवावा लागतो. हिच्याकडे बटणांचा फोन. सासू भागुबाईंना चालता येत नाही. विचारत होती, आप्पा, भोंगा न्हाई तर आमाला कळायचं कसं? सांगितलं, तुझ्या दारात मी स्वतः येईन. ती नुसतं व्हय म्हणाली आणि गेली. विश्वास ठेवणारी माणसं कमी बोलतात.

५ जुलै
आज पुराचं मॉक ड्रिल होतं. पाऊस असल्यामुळे पुढे ढकललं.

२६ जुलै, दुपार
तलाठ्यांचा फोन. वरून मोठा विसर्ग, संध्याकाळी पाणी काठाबाहेर येईल, सगळ्यांना लगेच कळवा. म्हणालो, यंत्रणा सज्ज आहे. मेसेज लिहायला घेतला आणि मोटार आठवली. उसाला पाणी देणारी माझी मोटार काठावरच आहे. पाच मिनिटांचं काम. आधी ती वर काढतो, मग निवांत लिहितो. घाईत शुद्धलेखन चुकतं. वाटेत सिंधूबाईकडेही डोकावेन. ट्रॅक्टर काढला.

२६ जुलै, दिवेलागण
मोटार निघाली. पाइपही निघाले. मग ट्रॅक्टर चिखलात रुतला. फोन जाकिटात राहिला, जाकीट घरी खुंटीला. घरी येऊन मेसेज टाकला तेव्हा वस्तीत पाणी शिरलं होतं. ही जेवण वाढून आत गेली. जेवलो. कसली भाजी होती ते आठवत नाही.

२७ जुलै
वस्ती सगळी शाळेत. माणसं सगळी आहेत. भागुबाईंना चौघांनी बाजेसकट आणलं. सिंधूबाईची म्हैस दाव्यालाच राहिली.
सूचना वेळेत पोहोचली, असा रिपोर्ट लिहायला घेतला. सिंधूबाईला विचारलं, मेसेज कोणी वाचून दाखवला? म्हणाली, मेसेज कुठला आप्पा. तुमचा टॅक्टर नदीकडं जाताना दिसला. तुमी मोटार काढाया निघाला म्हंजी पानी येतंय, एवढं आमाला कळतंय. सासूला हलवस्तवर पानी आलं, म्हशीपाशी जायाला येळ गावला न्हाई. माझ्या दारावरनंच गेला की तुमी.
रागावली नव्हती. रागावली असती तर काहीतरी बोलता आलं असतं. सुदर्शन शिफ्टवरून परस्पर आला, गोठ्याच्या दिशेने पाहत उभा राहिला. शिट्टी माझ्या गळ्यात होती. काढून खिशात टाकली.
रिपोर्ट पाठवला. तसाच.

३० जुलै
बोर्ड वाहून गेला. पलीकडे दौंडच्या हद्दीत बाभळीला अडकलाय. नाव वाचता येतं म्हणे.

१५ ऑगस्ट
ग्रामसभा. राजीनामा खिशात होता, कोणी मागितला नाही. भोंगा पुन्हा सुरू, कोणीही ओरडावं असं ठरलं. मग पूर आराखड्यात नवं कलम आलं: पावसाळ्यात आप्पांच्या ट्रॅक्टरवर नजर ठेवणे, तो नदीकडे वळला की भोंगा वाजवणे. मला वाटलं कोणीतरी हसेल. सगळ्यांनी हात वर केले. सूचक सिंधूबाई. अनुमोदन आमच्या हिने दिलं.
अध्यक्ष म्हणून खाली सही मी केली.