मुलांच्या वॉर्डातल्या बाटल्या

१४ मार्च १९७७
मीटिंग. दवाखान्यात भरती झाल्यावर ज्यांच्या रक्तात जंतू शिरले, त्यांचा आकडा मी मांडला. मुलांचा वॉर्ड सगळ्यात वर. मोठ्या साहेबांनी तिथल्या मालतीसिस्टरला सगळ्यांदेखत झापलं. आकडा कशासाठी काढला, नि झालं काय.

२ एप्रिल
त्या वॉर्डातून आमच्या प्रयोगशाळेत तपासायला रक्ताच्या बाटल्या येणंच बंद. बाटलीत रक्त ठेवून पाहिल्याशिवाय जंतू कळणार कसे? प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, म्हणाले, "आकडा उतरला ना? मग खूश राहा." डोकं उठलं.

९ एप्रिल
साहेबांनी वॉर्डाची पाठ थोपटली. समोसे वाटले. मस्त.

१० एप्रिल
वॉर्डात गेले. मालतीसिस्टर रडवेली. "मॅडम, बाटली पाठवली का आमचंच नाव येते. काहून पाठवू, सांगा." तिचंही खरंच.
सलाइनच्या सुया जंतुनाशकाच्या डब्यात बुडवून ठेवतात. जुन्यावरच नवं ओततात, डबा कधी रिकामा करत नाहीत. शिळ्या जंतुनाशकात जंतूच वाढतात, सगळं फेका म्हटलं. "स्टोअरवाले मोजून देतात. साहेबांची सही आणा, फेकते."
कोपऱ्यात कन्हान गावची शीला, चार वर्षांची. जुलाब थांबले, आता थंडी वाजून ताप. सलाइन चालूच. आई म्हणे, "बाई, पोरगी बरी होऊन राहिली होती. आता काहून कापून राहिली?"
रक्त मीच काढलं. डब्यातलं जंतुनाशकही थोडं घेतलं. सिस्टरने तोंड फिरवलं, पण पोरीचा हात तिनेच धरून ठेवला. वॉर्डाच्या डॉक्टरला शीलाचं तापाचं औषध बदलायला सांगितलं. बघतो म्हणाला.

११ एप्रिल
डब्यातल्या नमुन्यात जंतू. शीलाची बाटली अजून स्वच्छ; जंतू वाढले की गढूळ होते. सर म्हणतात, "डब्यात असतील. पोरीच्या रक्तात दाखव, मग साहेबांकडे जाऊ."
दुपारी बाटली उजेडात धरली. संध्याकाळी परत. लाज वाटते लिहायला, मी ती गढूळ व्हायची वाट पाहते आहे. गढूळ झाली तर डबा जाईल, बाकीची पोरं वाचतील. आणि शीला...

१२ एप्रिल
सकाळी आले तर शीलाची आई प्रयोगशाळेच्या दाराशी. विचारत विचारत आलेली.
"बाई, चांगलं निघालं न?"
तिला स्टूल दिलं. बाटली उबेच्या पेटीत आहे, अजून पाहिली नाही. चांगलं म्हणजे कोणतं?