भिंतीकडची जागा

डिलाईल रोड,
दिवेलागणीच्या आधी

प्रिय जगन,

फोन केला की तू "बाय, नंतर बोलतो" म्हणतोस, आणि नंतर बोललास की आपण भांडतो. म्हणून कागद घेतला. पत्रही अर्धवट टाकता येतं म्हणा, पण तू टाकणार नाहीस. कटलेल्या पतंगाचा तुकडासुद्धा उशाखाली जपणारा पोरगा तू, बहिणीचं पत्र चुरगाळायला तुझा हात धजणार नाही. गॅलरीत बसून लिहिते आहे. ऊन गिरणीच्या मागच्या भिंतीवरून उतरत आलंय, खाली कुणीतरी रस्त्यावर पाणी मारलंय आणि त्याचा वास वर येतोय. आई माझ्या पायाशी बसून लसूण सोलते आहे. सोललेल्या पाकळ्या पुन्हा सालींत मिसळते आणि पुन्हा निवडते. तिचा वेळ छान जातो, मीही तिला अडवत नाही.

तुझा राग मला ठाऊक आहे. मोठ्या गाड्या गल्लीत मुक्कामाला नकोत म्हणून चाळीच्या कमिटीच्या बैठकीत हात वर झाले, त्यांत तुझ्या सख्ख्या बहिणीचा हात होता, ही बातमी तुझ्याकडे ठाण्याला माझ्याआधी पोचली. "जिथे माझ्या गाडीला जागा नाही तिथे मलाही नाही," असं म्हणून तू फोन ठेवलास. त्यानंतर गणपती येऊन गेले, दसरा गेला. तुझ्यासाठी केलेल्या खोबऱ्याच्या वड्या शेवटी शेजारच्या गंगुबाईच्या नातवंडांत वाटल्या. चांगल्या झाल्या होत्या, एवढंच सांगते.

बैठक मात्र तू बघायला हवी होतीस. दोन्ही बाजूंनी गाड्या, मधून एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट, आणि सुट्टीच्या दिवशी त्या नव्या मॉलवाल्यांच्या गाड्या आणखी वर. पोरं म्हणाली, आमच्या गाड्या आत्ता कुठे आल्या तर तुम्हाला गल्ली आठवली, बंदी घालायची तर अख्ख्या शहरात घाला, टॉवरवाल्यांपासून सुरुवात करा. त्यांचंही खोटं नव्हतं. बाबांचं गिरणीतलं साळखातं, मागांचं, जिथे होतं तिथे आता नुसत्या गाड्यांसाठी मजल्यावर मजले उभे आहेत, प्रत्येक गाडीला तिची आखलेली जागा आणि डोक्यावर छप्पर. ते बघितलं की मला हसू येतं आणि मग येत नाही. शेवटी आनंदाभाऊ उठले. ते आणि बाबा एका खात्यातले, त्यामुळे त्यांना कुणी बसा म्हणत नाही. ते एवढंच म्हणाले की अंथरूण पाहून पाय पसरावेत, आपली गल्ली म्हणजे आपलं अंथरूण. दुचाकी राहू देत, टॅक्सी माणसं सोडून जाऊ दे, पण बसगाडीएवढी धुडं रात्रभर नकोत. मग हात वर झाले. माझा का झाला ते सांगते, पण आधी दुसरं सांगू दे.

तुला गिरणीच्या संपातलं काय आठवतं रे? तू आठ वर्षांचा होतास. माझं लग्न त्या वर्षी व्हायचं होतं, ते राहिलं ते राहिलंच, त्यामुळे मला सगळं आठवतं. आपली खोली तेवढीशी, आणि त्यात आपण चौघं, शिवाय गावचे दोघं. पण कधी अडचण वाटली नाही, कारण अर्धी माणसं नेहमी पाळीवर असायची. एक उठला की त्याच्या गरम अंथरुणावर दुसरा आडवा व्हायचा. भोंगा थांबला आणि पहिल्यांदाच सगळी माणसं एकदम घरी आली. तेव्हा कळलं की आपल्या खोल्या माणसांना पुरायच्या नाहीत, त्या पाळ्यांना पुरायच्या. शिमगा झाला, उकाडा सुरू झाला आणि पुरुषमाणसं अंथरुणं बगलेत मारून खाली गल्लीत उतरली.

काय दिसायची रे ती गल्ली! संध्याकाळी बायका बादलीने रस्ता थंड करायच्या, मग एकेक वाकळ पसरली जायची. गिरणीची ती दगडी भिंत दिवसभर तापलेली असायची, तिला पाठ लावून कुणी गावच्या गोष्टी सांगे, कुणी भजनाची ओळ धरे आणि अर्ध्यात पेंगे. मी या इथेच, कठड्याला टेकून बघायचे. पांढऱ्या बनियनांची रांग नाक्यापर्यंत जायची. घरात चूल कशी पेटत होती ते आईलाच माहीत, पण वरून बघताना वाटायचं, सगळा गाव ओटीवर निजलाय. एकदा तू बाबांना विचारलंस, भोंगा झाला नाही तर सकाळ कशी होणार? बाबांनी तुला जवळ ओढलं. मग म्हणाले, तू मला हलव, मी उठलो की सकाळ. आणि तू खरंच रोज त्यांना हलवायचास. गिरणी पुढे सुरू झालीच नाही त्यांच्यासाठी. गिरगावात एका इमारतीच्या फाटकावर उभे राहून त्यांनी उरलेली वर्षं काढली, पण सकाळी तू हलवल्याशिवाय उठले नाहीत. जागे असले तरी पडून राहायचे. मी बघितलंय.

आता तुझी गाडी. मी तिच्यावर जळते असं तुझ्या सुनेत्राला वाटत असेल तर तिला सांग, मला ती गाडी आवडते. वैशाखात तू आम्हा दोघींना चौपाटीवर नेलंस ती संध्याकाळ मी विसरणार नाही. पुढच्या सीटवर आई, बैलगाडीत धुरेवर बसल्यासारखी ताठ. काचेतून लालबाग, भायखळा, मग समुद्र असा संथ येत होता की कुणी हळूहळू पडदा ओढतंय. तिने विचारलं, "गावाक चललंव काय?" आणि तू हो म्हणालास. मला बरं वाटलं तू हो म्हणालास ते. मग तिने मान वळवून मागे पाहिलं. मी, सुनेत्रा, तुझी दोन पोरं, आणि सगळ्यात मागे मोकळी सीट. म्हणाली, "बाकीची माणसां खंय?" तू हसलास. मी तुला चिडवलं होतं ना, चौघांचं घर आणि सात खुर्च्या, वऱ्हाड न्यायचंय का? तेव्हा तू आरशातून माझ्याकडे बघून म्हणालास की एक आईची, एक तुझी, उरलेली असू दे, घरात कधी जागा मिळाली नाही, गाडीत तरी असू दे. 

आणि त्याच संध्याकाळी ते झालं. परत आल्यावर तू गाडी भिंतीच्या कडेला लावलीस. मी वर बांगड्याचं तिखलं गरम करत होते. आई नेहमीप्रमाणे कपाटातून वाकळ काढून खाली गेली. ती तसं करते हे मी तुला सांगितलं होतं, पण तू पाहिलं नव्हतंस. रोज याच वेळेला ती उतरते, भिंतीजवळ वाकळ पसरते, हाताने सुरकुत्या काढते आणि बाजूला बसून राहते. अंधार पडला की मी हळूच वाकळ गुंडाळते आणि तिला वर आणते. सगळी चाळ म्हणायची, म्हातारीला नवऱ्याची, रामचंद्रची आठवण येते. मीही तेच म्हणायचे. त्या दिवशी तुझी गाडी आणि भिंत यांच्या मधल्या फटीत ती वाकळ घेऊन अंग चोरून उभी राहिली. गॅलरीतून माणसं बघत होती. तू तिचा दंड धरून तिला बाहेर काढलंस आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "बाबांना जाऊन किती वर्षं झाली, आई. कुणाची वाट बघतेस? इथे गाडी आहे, दिसत नाही का?" मग तुझं तुलाच वाईट वाटलं, ते मला वरून दिसलं. पण तू जेवला नाहीस. तिखलं मी दुसऱ्या दिवशी एकटीने संपवलं.

बैठकीत माझा हात वर झाला तो त्या संध्याकाळमुळे. तुझ्या गाडीवर राग म्हणून नव्हे. मला वाटलं, नवऱ्याची आठवण काढायला म्हातारीला हातभर जागा तरी असावी. एवढंच होतं.

गाड्या गेल्या. सगळ्या नाही, पण भिंतीची बाजू मोकळी झाली. पोरं पुन्हा क्रिकेट खेळायला लागली, गंगुबाईने पापड वाळत घातले, आणि संध्याकाळी वरून बघितलं तर गल्ली एवढी रुंद दिसली की मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. आई खाली गेली. मला वाटलं, आज ऐसपैस पसरेल. पण तिने वाकळ त्याच फटीत घातली. गाडी नव्हती तरी भिंतीला चिकटून, अगदी अंग चोरून. सवय झाली असेल म्हणून मी खाली गेले आणि वाकळ ओढून जरा मध्ये घेतली. तिने माझा हात झटकला, वाकळ परत भिंतीशी सरकवली आणि शेजारची मोकळी फरशी हाताने थोपटून म्हणाली, "थंय तेचो बापूस निजतलो. जगन हंय, भिंतीकडे."

मी तिथेच बसले. जगन, तुला आठवतं ना? बाबा नेहमी रस्त्याच्या बाजूला झोपायचे आणि तुला भिंतीकडे घालायचे. रात्री सायकल, हातगाडी, काहीही आलं तर आधी त्यांच्या अंगावर यावं म्हणून. मी वाकळ नीट पाहिली. मी रोज गुंडाळत होते ती, पण अंधारात, कधी निरखून बघितली नव्हती. आईच्या हिरव्या लुगड्याची आणि बाबांच्या गिरणीतल्या सदऱ्याची ती लहानशी वाकळ, कोपऱ्यात तू जाळून पाडलेलं भोक. बाबांना ती गुडघ्याखाली पुरली नसती. मग मी मागे जाऊन हिशेब लावला, आईचं हे खाली जाणं सुरू कधी झालं याचा. डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं त्याच्या आधीच. तू बिऱ्हाड ठाण्याला हलवलंस त्याच दिवाळीत.

बाबांच्या वाट्याला ती कधीच काही अंथरत नाही. तोंडाने काही म्हणो, ते येणार नाहीत हे तिला आत कुठेतरी माहीत असावं. ती जागा फक्त सोडून ठेवते. वाट बघते ती तुझी, आणि तुझी गाडी उभी होती ती तुझ्याच अंथरुणावर.

खरं सांगते, मला राग आला. आठवड्यातून दोनदा ती मला विचारते, "तू कोणाची गो?" तिची वेणी मी घालते, तिच्या गोळ्या मी देते, आणि वाकळ तुझी. त्या संध्याकाळी मी तिच्याशी बोलले नाही. पण ती वर आल्यावर पानावर बसली आणि पहिला घास हातात धरून म्हणाली, "जगन जेवलो?" मी हो म्हटलं. मग ती जेवली. अशा माणसावर किती रागावणार?

डॉक्टर म्हणतात, आता दिवस सारखे राहणार नाहीत. आज तुझं नाव आहे तिच्याकडे, पुढच्या पावसापर्यंत असेलच असं नाही. म्हणून हे पत्र, बाकी सगळं प्रास्ताविक. दिवाळी तोंडावर आली आहे, ये. सुनेत्राला, पोरांना घेऊन ये, गाडी नाक्यावर पुलापाशी ठेव, चालत आत ये. दिवेलागणीलाच ये, कारण ती तेव्हा खाली असते. तिला काही समजावू नकोस. बाबा नाहीत असं सांगू नकोस, तू मोठा झालास असंही सांगू नकोस. चपला काढ आणि भिंतीकडे आडवा हो. भिंत अजून तशीच तापते, मी हात लावून बघितलाय. वाकळ आठ वर्षांच्या पोराची आहे, तुझे पाय गुडघ्यापासून बाहेर येतील आणि माणसं गॅलरीतून बघतील. बघू देत. आनंदाभाऊंचं ते अंथरूण पाहून पाय पसरणं एका संध्याकाळीपुरतं राहू दे, आनंदाभाऊंना मी सांगते.

वाट बघणाऱ्या दोघींपैकी धाकटी,
तुझीच
बाय