ठाण्यातून फोन

४ फेब्रुवारी

दयेचा अर्ज फेटाळला! बाबांनी टीव्हीचा आवाज एवढा वाढवला की शेजारीण डोकावून गेली. "लटकवा मेल्याला एकदाचा!" बाबा म्हणाले. मीही म्हणाले. त्याने धाकटीचा जीव घेतला तेव्हापासून आम्ही बापलेक हेच म्हणत आलोय. आई मटार सोलत होती.

७ फेब्रुवारी

त्याची वकीलबाई थेट दुकानात! मी मशीनवर होते. म्हटलं, कपडे शिवायचे असतील तर बसा, नाहीतर रस्ता धरा. बसली. म्हणाली, "त्याला कोर्टात एक सांगायचंय. तुमच्या बहिणीबद्दल."

हा माणूस पाठलाग करतो म्हणून धाकटी त्या दुपारी पोलीस ठाण्यात गेली होती. तक्रार लिहून घेतली नाही. 'उद्या या' म्हणाले. संध्याकाळी हा तिच्यासमोर हजर. "तक्रार करतेस माझी?" असं ओरडलेलं कोपऱ्यावरच्या फळवाल्याने ऐकलं. त्याला सांगितलं कुणी? तेवढं कधी बाहेर आलंच नाही. खटला संपेपर्यंत तो 'मी तिथे गेलोच नव्हतो' यावरच अडून बसला, मग बाकीचं कशाला सांगेल?

आता म्हणे सांगतो. ठाण्यातून फोन आला होता. कुणाचा, तेही सांगतो. "पण आधी फाशी झाली तर विषय संपला," वकीलबाई म्हणाली.

८ फेब्रुवारी

मरण जवळ आलं की बऱ्या आठवतात गोष्टी! जीव वाचवायचे धंदे सगळे.

११ फेब्रुवारी

बाबांना सांगून बसले. ताट बाजूला सारलं त्यांनी. "त्याची वकिली करतेस? पोटची पोर गेली माझी!"

"माझी बहीण गेली नाही का?" मीही आवाज चढवला.

मग आई बोलली. हळूच. "फाशी काय, देतीलच. पण माझ्या लेकीला परत का पाठवलं, ते कोण सांगणार?"

जेवणं तशीच राहिली.

१५ फेब्रुवारी

दिवसभर डोक्यात तेच. शिवण चुकली तर मी उसवते. कापडच चुकीचं कापलं गेलं, तर गिऱ्हाइकासमोर मीच उभी राहते, चार शब्द ऐकून घेते. सरकारचं चुकलं तर कोण उभं राहतं? फाशी आमच्या नावाने द्यायची — 'कुटुंबाला न्याय' — आणि आम्ही एक प्रश्न विचारला की सगळे साहेब मीटिंगमध्ये!

त्याला मारलं तर मला वाईट वाटणार नाही. खोटं कशाला लिहू? पण त्याच्याबरोबर ते उत्तरही गाडलं जाणार असेल तर नको. निदान आत्ता नको.

२० फेब्रुवारी

तुरुंगात जाऊन आले. जाळीपलीकडे तो. चष्मा लागलाय. मला बघून हात जोडले. म्हटलं, हात खाली घे आणि बोल.

"साहेबांचा फोन आला. पोरगी तक्रार घेऊन आली होती, म्हणाले. तुझं तू निस्तर, माझ्या दारात आणू नकोस." साहेबांची गाडी याच्याच गॅरेजात असायची. नाव सांगितलं. तेच साहेब! निकालाच्या दिवशी बाबांच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. आता केवढे मोठे झालेत.

खरं की खोटं, देव जाणे. मला त्याचा तिरस्कारच वाटतो, आजही. पण घरी येऊन बाबांना ते नाव सांगितलं.

२४ फेब्रुवारी

कोर्टात अर्ज केला. फाशी थांबवा, आधी त्याचा जबाब घ्या. सुनावणी सोमवारी. शेजारीण जिन्यात ऐकवून गेली, "सख्ख्या बहिणीच्या मारेकऱ्याचा पुळका!" शिव्या आल्या होत्या तोंडात. गिळल्या.

बाबा बोलत नाहीत.

२७ फेब्रुवारी

बाबा दुकानात आले. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसून कात्री उघडझाप करत राहिले. जन्मभर बस चालवलेला माणूस, असा स्वस्थ बसत नाही कधी. मग म्हणाले, "तिला नुसतं ठाण्यात बसवून घेतलं असतं, तरी मी जाऊन घेऊन आलो असतो गं."

मला रडू फुटलं. त्यांनाही.

"सोमवारी मी येतो. पण जबाब झाला की फाशी झालीच पाहिजे!"

"ते मग बघू," मी म्हटलं. वाद काही मिटला नाही. चहा मात्र घेतला दोघांनी.

१ मार्च, रविवार

आज पहाटे दिली फाशी. सुनावणी उद्या होती. आम्हाला कुणी कळवलंही नाही, टीव्हीवर बघितलं. बाबांचा इस्त्री केलेला शर्ट खुर्चीवर तसाच.

थोड्या वेळाने फोन वाजला. तेच मोठे साहेब, स्वतः! "अखेर तुमच्या बहिणीला न्याय मिळाला." बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"साहेब," ते म्हणाले, "त्या दुपारी त्यालाही तुम्हीच फोन केला होता ना?"

तिकडून फोन ठेवला.