मळवलीच्या घरातले राक्षस

मी, अंबाजी केरबा केदारी, वय एकाहत्तर, धंदा चित्रकारी, राहणार मळवली, तालुका मावळ, कोणाच्याही दबावाशिवाय व पूर्ण शुद्धीवर हे मृत्युपत्र लिहितो. माझी बुद्धी शाबूत आहे का, हे मात्र ज्यांनी माझी चित्रं पाहिली त्यांना विचारू नये.

१. घर व मागची भातखाचरं माझी एकुलती मुलगी कोमल हिला मिळावीत. पुतण्या ओंकार याला घर पाडून पर्यटकांसाठी बंगला बांधायचा आहे. त्याला माझा प्रदर्शनाचा कोट द्यावा. माझ्या अंगावर तो कधी शोभला नाही.

२. घरातले मी रंगवलेले सगळे राक्षस, म्हणजे वेताळ, ब्रह्मराक्षस आणि जिन्यातला दहातोंडी, लोणावळ्याचे बांधकाम ठेकेदार रतनशेठ यांना द्यावेत. शहरातल्या समीक्षकांनी लिहिलं, हे राक्षस म्हणजे आधुनिक माणसाचं परकेपण. मी इतका हुरळलो की वर्षभर दाढी केली नाही. रतनशेठ बघताक्षणी म्हणाले, "आबा, लय बेस त्वांड हाय! बांधकामावर टांगतो, कुनाची दिष्ट लागायची न्हाई." तेव्हा मी त्यांना हाकलून दिलं होतं. नेऊ देत आता, कुणाच्या तरी कामी येतील.

३. कोमल लहानपणी या चित्रांना घाबरून रडायची. मी गाढव तिला परकेपणाचा अर्थ समजावत बसायचो, चित्र काही भिंतीवरून उतरवलं नाही. लग्न झाल्यापासून ती या घरात आलेली नाही. मला तिची फार आठवण येते.

४. मी गेल्यावर तिला आधी राक्षस गेल्याचं कळवावं, बाप गेल्याचं नंतर. एकच बातमी दोनदा का सांगता, असं ती विचारेल.

नोंद: शेजारीण झुंबरबाई हिने वरील मजकूर ऐकून साक्षीचा अंगठा द्यायला नकार दिला. म्हणाली, "मेल्यावं कशाला कळवताय? आत्ता हितं बसून फोन लावा, मंग अंगठा घ्या!"

लावला. कोमलला म्हणालो, घरी ये. ती म्हणाली, "ते राक्षस आहेत अजून?"

"नाहीत," मी म्हणालो.

"मग रविवारी येते."

सबब, कलम दोनची अंमलबजावणी माझ्या मरणासाठी न थांबता शनिवारपर्यंत करावी. रतनशेठ, टेम्पो मोठा आणा.

सही: अंबाजी केरबा केदारी
साक्षीदार: संदेश गायकवाड (सही), झुंबरबाई देवकर (अंगठा)
मळवली, गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४