दोन टोपल्यांची कावड

सवाई बेट, १४ जानेवारी १८८९

चि. फिलेमोनी यास आजी फुआतिनोचे अनेक आशीर्वाद वि. वि.

आजी नावाची एक बाई असते, तिनं तुला लहानपणी समुद्रातून दोनदा बाहेर आणि पाद्रीबाबांच्या नारळीवरून एकदा खाली काढलं, हे तुला आठवत असेलच असं मी धरून चालत नाही. तीन महिन्यांत एक ओळ नाही. मला अक्षर येत नाही, तरी हे माझं चौथं पत्र. तू शाळेत पाच वर्षं घालवलीस आणि तुझं एकही नाही. शिक्षणाचा उपयोग असा असतो हे आता कळलं.

लढाई कशी चालली आहे? इथं बातम्या फार सुंदर येतात. जर्मन म्हणतात, त्यांचा राजा खरा. इंग्रज आणि अमेरिकन म्हणतात, तो नव्हे, तुम्ही पोरं ज्याच्या बाजूनं लढता तो खरा. आम्ही बेटावरची माणसं गप्प आहोत, कारण आम्हाला कुणी विचारलेलं नाही. एवढ्याशा राज्याचं रक्षण करायला तीन आरमारं आली आहेत. कुणापासून रक्षण, असं मी पाद्रीबाबांना विचारलं. ते म्हणाले की प्रार्थना करू या.

तुझ्या बहिणीचं, मासिनाचं, बरं आहे. तिचा नवरा ताफाले दुसऱ्या राजाच्या छावणीत आहे, म्हणजे तुझ्या समोरच. मेहुण्याला गोळी घालायची वेळ आलीच तर आधी नमस्कार कर, एवढी रीत पाळ. ताफालेचा भाऊ तोमासी परवा होडीनं आपिआ बंदराला निघतोय. कावडीच्या एका टोकाला ताफालेची टोपली, दुसऱ्याला तुझी. तुझ्या टोपलीत नारळाच्या दुधात शिजवलेली तारोची पानं आणि भाजलेला नीरफणस आहे. शिधा नेणाऱ्याला कुठल्याच छावणीत कुणी अडवत नाही, त्यामुळं काळजी नाही.

पत्र पाद्रीणबाई लिहून देत आहेत. काही शब्द त्यांनी गाळले आहेत. ते कुठले, ते तू ओळखशील.

माया आहे तेवढीच आहे, पोट रिकामं ठेवून ती कमी करू नकोस.

तुझी आजी


आपिआजवळची छावणी, २ फेब्रुवारी १८८९

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तू म्हणशील, पत्र आलं म्हणजे पोराला काहीतरी झालंय. मला काही झालेलं नाही. झालंय तोमासीला.

दिवस मावळत होता. मी ओढ्याच्या पलीकडच्या केळीत पहाऱ्यावर होतो. समोरून एक माणूस आला, खांद्यावर आडवं काहीतरी लांब. मला ती बंदूक वाटली. दोन्ही टोकांच्या टोपल्या केळीच्या पानांआड होत्या, त्या दिसल्या नाहीत. मी गोळी झाडली. तो ओरडला तेव्हा आवाज ओळखीचा वाटला. जाऊन पाहतो तर तोमासी खाली पडलेला, गुडघ्यावर रक्त, आणि चिखलात तारोची पानं. ती तुझ्या हातची होती हे मला वासावरून कळलं.

ताफालेची माणसं त्याला उचलून घेऊन गेली. जिवंत आहे, पण पाय जाईल असं म्हणतात. लढाईत माणूस मारला तर कुणी काही बोलत नाही, आजी. इथं मला माझ्याच छावणीत कुणी शेजारी बसू देत नाही. शिधा आणणाऱ्यावर हात उगारला, असं आमच्या म्होरक्यानं सगळ्यांदेखत सांगितलं, आणि ते खोटं नाही. तोमासीच्या भावांनी निरोप धाडलाय की मी गावी पाऊल ठेवलं तर माझी मान ठेवायची नाही. मासिनालाही घालवून देतील, असं मला वाटतं.

काय करू ते लिही. थट्टा केलीस तरी चालेल.

तुझा
फिलेमोनी


सवाई बेट, १७ फेब्रुवारी १८८९

चि. फिलेमोनी यास आशीर्वाद वि. वि.

पत्र मिळालं. पाद्रीणबाईंनी ते दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा मला ऐकूच आलं नाही असं मी म्हणाले.

थट्टा कर म्हणतोस, तर करते. तीन देशांच्या तोफांना इतक्या महिन्यांत जे जमलं नाही, ते तुला एका गोळीत जमलं. आपल्या आणि मासिनाच्या सासरच्या घरात तीन पिढ्यांची सोयरीक होती, ती तू एका गुडघ्यापायी मोडलीस. कावड आणि बंदूक यांतला फरक न कळणारा शिपाई राजाला मिळाला, तर त्याचं राज्य नक्की किती टिकेल हे मला दिसतंय.

तोमासीला परवा होडीतून आणलं. पाय राहिलाय, गुडघा वाकत नाही. मासिना सासरीच आहे. तिला काही बोललेले नाहीत. म्हातारे सालेवा, तिचे सासरे, आपल्या अंगणावरून जाताना मान वळवतात. त्यांनी मान वळवलेली मी आयुष्यात पाहिली नव्हती. त्यांची मान आखडलेली असते असं मी आजवर समजत होते.

माझ्या आईनं सुरू केलेली आणि मी वीस वर्षांनी पुरी केलेली केवड्याच्या बारीक पातीची चटई तुला ठाऊक आहे. तुझ्या आजोबांनी मागितली, तरी मी कुणाच्या मयताला दिली नाही. ती मी पेटाऱ्यातून काढून उन्हात घातली आहे. घरातले सगळे पुरुष तुमच्या दोन राजांनी नेलेत, तेव्हा जे करायचं ते माझ्या गुडघ्यांना करावं लागेल. ते अजून वाकतात.

तू तिथंच राहा. जीव सांभाळ आणि आशीर्वादाला जागा शिल्लक ठेव.

तुझी आजी


आपिआ, १९ मार्च १८८९

ती. आजीस सा. न. वि. वि.

वादळ तुमच्याकडंही आलं असेल. बंदरातल्या मोठ्या लढाऊ जहाजांपैकी एकच बाहेर निसटलं. बाकीची खडकांवर आपटली, काही वाळूत चढली. एकमेकांवर नजर ठेवायला आली होती, आता एकमेकांवर कलंडली आहेत.

खलाशी लाटांत गटांगळ्या खात होते. आमच्या छावणीतली माणसं धावली, समोरच्या छावणीतलीही धावली. हाताला हात धरून आम्ही समुद्रात रांग लावली आणि हाताला येईल त्याला ओढत गेलो. जर्मन की अमेरिकन ते कुणी पाहिलं नाही. माझ्या पुढं ज्याचा हात होता, तो ताफाले होता. लाट गेल्यावर त्यानं मागं वळून पाहिलं आणि मला ओळखलं. पुढची लाट डोक्यावरून गेली. हात सोडला असता तर मी तुला हे लिहिलं नसतं. त्यानं उलट माझं मनगट घट्ट धरलं. किनाऱ्यावर आल्यावर त्यानं कमरेचं वस्त्र पिळलं आणि निघून गेला.

याचा अर्थ काय, ते मला कळत नाही.

तुझा
फिलेमोनी


सवाई बेट, ६ एप्रिल १८८९

चि. फिलेमोनी यास पोटभर आशीर्वाद वि. वि.

अर्थ मी सांगते. ताफालेनं घरी निरोप धाडला होता की फिलेमोनीचा हात अजून माणसाचा आहे. एवढंच. तो निरोप इथं पोचला होता हे मला मागून कळलं.

सोमवारी उजाडायच्या आधी मी सालेवांच्या घरासमोर जाऊन बसले. बरोबर भट्टीचे दगड, लाकडं आणि केळीची पानं नेली. डुकरासारखं भाजायचं असेल तर सामान आमचंच आहे, अशी ती माफी मागायची रीत. चटई डोक्यावरून घेतली आणि मान खाली घातली. त्यांनी चटई उचलली तर माफी, नाहीतर घरात कुऱ्हाड असते, तीही बाहेर येऊ शकते. मला वाटलं, माझं वय पाहता भाजायला दिवस जाईल, लाकडं कमी पडतील.

ऊन चढलं. चटईच्या विणीतून सालेवांचे पाय दिसत होते, पायरीवर, हलत नव्हते. तीन कोंबडे माझ्या अंगावरून गेले. पाद्रीणबाई दूर उभ्या राहून रडत होत्या, त्याचा मला त्रास झाला.

मग काठीचा आवाज आला. चटई तोमासीनं उचलली. सगळ्या भावांसमोर तो म्हणाला की उठा आजी, गोळीचं मी विसरतो, पण एक कबूल करतो. वाटेत भूक लागली म्हणून तुमच्या नातवाच्या टोपलीतली अर्धी पानं मीच खाल्ली होती, आणि पडल्यावर पहिला विचार आला की फिलेमोनीला चोरी कळली. सालेवा हसले. म्हातारा हसला की भाऊ काय करणार, तेही हसले. मला उठवायला चौघे लागले.

चटई त्यांच्या घरात राहिली. तिच्यासाठी मी दोन दिवस रुसले होते, आता नाही. तुझे तीन देश आता म्हणे दूर कुठल्याशा गावी बसून आपल्याविषयी बोलणार आहेत. त्यांना कुणीतरी दगड, लाकडं आणि पानं घेऊन जायला सांगावं.

आता तू ये. तोमासीला कावड पेलत नाही, म्हणून ती तुझ्या खांद्यावर. एका टोपलीत डब्यातलं मांस भर, ते सालेवांसाठी. दुसरीत जहाजाची कडक बिस्किटं, ती तोमासीला आवडतात. दोन्ही वजनाला सारखी ठेव, त्यांच्या दारात स्वतः उतरव, आणि वाटेत खाऊ नकोस.

तुझी आजी